चाकांना पाणी पाजलं तो दिवस

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको की ही बाई त्या दिवशी शूर झाली होती. मला पालीची भीती वाटते, विजांची वाटते, विहिरीत डोकावायची वाटते. मोटारीची तर विशीत जी बसली ती अजून गेलेली नाही. नातवंडं गाडीत शेजारी बसवून म्हणतात, आजी, डोळे उघड, रस्ता बघ किती छान आहे. मी उघडत नाही. रस्ता छान असतानाच काय काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

आमच्या सासऱ्यांनी एक मोटार घेतली होती. मोटार म्हणजे चैनीची नव्हे. सासूबाईंचे पाय गेले होते म्हणून घेतली. संधिवाताने आधी गुडघे धरले, मग घोटे, आणि शेवटी त्या झोपाळ्यावरून उठेनाशा झाल्या. तापीकाठी प्रकाशा गावाजवळ आमचं घर. त्या घराच्या मधल्या खोलीत झोपाळा होता, आणि सगळा कारभार त्या तिथूनच चालवायच्या. गड्यांवर ओरडणं, धान्य वाळत घालायला लावणं, माझ्या भाकरीला नावं ठेवणं, सगळं झोपाळ्यावरून. त्यांची एकच इच्छा राहिली होती, द्वारका बघायची. आगगाडीत चढवायचं तर चार माणसांनी उचलायला हवं, आणि परक्यांचा हात अंगाला लागलेला त्यांना खपायचा नाही. बैलगाडीचे हिसके सोसत नव्हते. तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं, बाई झोपाळ्यावरून उतरत नाही ना, मग झोपाळ्यालाच द्वारकेला नेऊ.

कापसाच्या गाठी वाहणारी एक जुनी लॉरी त्यांनी नंदुरबारहून आणली. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं, पेट्रोल मिळत होतं. लॉरीच्या चाकांचे आरे लाकडाचे होते, बैलगाडीच्या चाकाला असतात तसेच, फक्त वर रबर. तिच्यावर गावच्या सुताराने सागाचं घर बांधलं. सुताराने जन्मात बैलगाड्या आणि घरं यांशिवाय काही केलेलं नव्हतं, त्यामुळे जे तयार झालं ते गाडीवर ठेवलेलं घर होतं. दाराला उंबरठा होता. भिंतीत देवाचा कोनाडा होता, कोपऱ्यात मातीची चूल होती. मधोमध वरच्या आडव्या तुळईला आकडे ठोकून घरचाच झोपाळा टांगला होता, पितळी साखळ्यांसकट. दार मागच्या बाजूला. पुढे ड्रायव्हर आणि सासरे बसायचे, त्यांच्या आणि आमच्या मध्ये सबंध फळ्यांची भिंत, तिला खिडकी नव्हती. खिडकी नसायचं कारण मी.

आमच्यात तेव्हा सुनेने सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही, अशी रीत होती. मला तिचा जाच वाटत नव्हता. घराला भिंती असतात तशी ती होती, कोण रोज भिंतीचं दुःख करत बसतो? मला कुठे जायचं असलं आणि सासरे वाटेत बसलेले असले, की मी आडोशाला थांबून बांगड्या वाजवायचे. बांगड्या वाजल्या की ते पाठ फिरवायचे. जेवत असले तरी हातातला घास तसाच धरून भिंतीकडे तोंड करायचे, नाही तर सरळ उठून बाहेर जायचे. मग मी जायचे. सगळं घर त्यांना आबा म्हणायचं, मीही मनात आबाच म्हणायचे. पण लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं आणि आवाज ऐकला नव्हता. ते घरात असले की मी सासूबाईंशीसुद्धा कुजबुजून बोलायचे.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. माणसं चारच. सासरे, सासूबाई, नंदुरबारचा एक उतारवयाचा ड्रायव्हर, आणि सासूबाईंचं करायला मी. आमचे हे शेतीपाशी राहिले. निघताना मला हळूच म्हणाले, "तुले मजा शे." मजा आहे म्हणे! चालत्या मोटारीत मी खाली बसून दोन्ही हातांनी झोपाळा धरून ठेवायचे. उतार लागला की झोपाळा पुढच्या भिंतीवर जायचा, चढ लागला की दाराकडे यायचा, आणि सासूबाई वर अशा निवांत बसलेल्या की जणू घरीच पान खात बसल्यात. माझ्या तळहातांना घट्टे पडले. रात्री रानात मुक्काम पडला की मी कान देऊन जागी. बाहेर पान हललं तरी मला वाटायचं, आलं काही तरी. द्वारकेला समुद्र पाहिला, म्हणजे एकदा डोळे उघडले आणि मिटले. एवढं पाणी एका ठिकाणी असायचं काही कारण नाही, असं माझं तेव्हा मत झालं.

सासऱ्यांना मात्र मोटार फार आवडली होती. संध्याकाळी थांबलो की बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा ते तिच्या तोंडावरून हात फिरवायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, "थकनी का?" ड्रायव्हर आधी हसायचा. पुढे पुढे तोही म्हणायला लागला, "हो आबा, आज थकनी."

द्वारकेच्या खाऱ्या वाऱ्याने सासूबाईंचा घसा बसला. देवाने त्यांना दर्शन दिलं आणि आवाज ठेवून घेतला, असं मी मनात म्हटलं आणि लगेच कानाला हात लावला. परतीच्या सगळ्या वाटेवर त्या नुसत्या फुसफुसत होत्या. मी खोटं बोलणार नाही, थोडी शांतता वाटली होती. पुढे त्याच शांततेने माझा जीव खाल्ला.

राजपिपळ्याच्या डोंगरातून आम्ही अक्कलकुव्याला उतरलो आणि एक रात्र तळोद्याला काढली. होळी जवळ आली होती. रानात पळस असा फुलला होता की झाडाला पान म्हणून दिसत नव्हतं. रात्री डोंगराकडून ढोल ऐकू यायचे. आता घर आलंच. म्हसावदला नणंद दिलेली होती, तिच्याकडे एक वेळ जेवायचं आणि शहाद्यावरून घरी जायचं, एवढंच उरलं होतं. त्या सकाळी मी पहिल्यांदा झोपाळा एका हाताने धरला.

निघालो तोच मागच्या चाकातून आवाज यायला लागला. करकर, करकर, जसं कुणी दात खातंय. माझ्या अगदी खालीच ते चाक. दर फेऱ्याला मला वाटे, आता निखळलं. थोडं गेल्यावर मोटार थांबली. फळ्यांच्या फटीतून मला बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "आबा, मागलं चाक ढिलं पडी गयं. आरा हाली ऱ्हायनात."

"वाळी गयात त्या," सासरे म्हणाले. "त्यासले पाणी पाजनं पडी."

"मोटार शे ती आबा, गाडं नही."

"लाकूड ते लाकूडच ऱ्हास. त्याले काय ठाऊक वर काय ठेयेल शे?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळा लागला की गाडीची लाकडी चाकं वाळतात, आरे सैल पडतात आणि लोखंडी धाव निसटायला बघते. मग शेतकरी बैल सोडून गाडी तशीच नदीच्या पाण्यात उभी करतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि चाक पुन्हा गच्च होतं. आमच्याकडे प्रत्येक माणसाने हे केलेलं आहे. सासऱ्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. ड्रायव्हरही शेतकऱ्याचाच मुलगा. त्याला ते पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं.

म्हसावदच्या अलीकडे एक नदी आडवी येते, सातपुड्यातून उतरणारी. पात्र रुंद, पण फाल्गुनात पाणी घोट्याएवढं. रस्ता ओलांडतो तिथून थोडं खाली गुडघाभर पाण्याचा डोह होता. सासऱ्यांनी मोटार तिथे नेऊन उभी करायला लावली, चारही चाकं पाण्यात, तोंड खालच्या अंगाला आणि दार डोंगराकडे. ड्रायव्हर मागे-पुढे करून ती नीट बसवायला गेला, आणि चाकं रेतीत रुतली. त्याने पुष्कळ घरघर केली. मोटार हलेना.

"आते बैल लागतीन," तो म्हणाला.

"म्हसावदथून जावईना बैल ली ये," सासरे म्हणाले. "तवलगून चाकं पाणी पी लेतीन." त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. गाडी पाण्यात उभी करायची म्हणजे अर्धा दिवस जायचाच.

ड्रायव्हर धोतर खोचून म्हसावदकडे चालू लागला. सासरे काठावर एका करंजाच्या झाडाखाली जाऊन बसले, तोंड मोटारीकडे करून, आपली चाकं पाणी पिताना बघत. सासूबाई झोपाळ्यावर पडल्या. मी दाराच्या पायरीवर बसून सकाळची भांडी घासायला घेतली. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यात घोट्यापर्यंत सोडलेल्या माझ्या पायांची बोटं आणि तळाची रेती दिसत होती.

वर ऊन होतं. पण समोर सातपुडा काळा झाला होता. ढग त्याच्या माथ्यावर बसले होते, आणि मधूनच त्यांच्या पोटात वीज हलायची. आवाज येत नव्हता, नुसती वीज. मला ते बघवेना. मी आत वळून कुजबुजले, "माय, डोंगरवर काळं व्हयेल शे."

सासूबाईंनी डोळे न उघडता फुसफुसून उत्तर दिलं, "डोंगरवर शे ना? आपलावर ते नही. तू ते सावलीलेबी भ्यास."

ते खरंच होतं. बोलून चालून भित्री, तिच्या भीतीला कोण किंमत देणार? मी खाली बघून भांडी घासायला लागले.

आधी पळसाची फुलं आली. एक आलं, मग दोन-तीन, केशरी, पाण्यावर फिरत. मला बरं वाटलं, होळीला रंग करायला वेचून घ्यावीत असंही मनात आलं. मी एक उचललं. मग बरीच आली, मग पाण्यावर सतरंजी अंथरावी तशी आली, आणि त्यांच्यात वाळका पाला, जळक्या काटक्या, शेळ्यांच्या लेंड्या. मी हातातला तांब्या पाण्यात बुडवून वर काढला. तांब्यात चहासारखं पाणी. खाली पाहिलं तर माझी बोटं दिसत नव्हती.

 बसल्या जागी माझे पाय गार पडले आणि दातांवर दात वाजायला लागले. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं होतं ते मला आत्ता कळलं. वरच्या बाजूने कुठून तरी आवाज येत होता, लांब कुणी जातं ओढतंय असा. सासऱ्यांना तो ऐकू गेला नव्हता, ते खालच्या अंगाला होते, मध्ये मोटार. आणि दार डोंगराकडे असल्यामुळे वरचं पाणी एकट्या मला दिसत होतं.

मी दाराला धरून बाहेर वाकले आणि बांगड्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, दोन्ही हात एकमेकांवर आपटून. सासऱ्यांनी ऐकल्या. आणि ते पाठ फिरवून बसले.

आता यावर हसू येतं, तेव्हा नाही आलं. ते माझ्याशी चांगलंच वागत होते. सुनेला बाहेर यायचंय, आडोसा नाही, तर आपण तोंड फिरवावं. मी परात घेतली आणि तिच्यावर पळी बडवायला लागले. तेव्हा ते उठले. मला वाटलं, आले. पण बाई माणसाची काही जास्तच अडचण असावी असं समजून ते आणखी लांब गेले, काठ चढून बोरीच्या कुंपणापलीकडे, आणि तिथे शेताकडे तोंड करून उभे राहिले.

आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. त्यांना झोपाळ्यावरून दारातलं पाणी दिसलं. उंबरठ्याच्या खाली ते वीतभर राहिलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. गड्यांची झोप उडवणारी ती बाई तोंड उघडून ओरडायला गेली, आणि नुसती हवा बाहेर आली. मग त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले.

"त्यासले हाक मार."

मला हाक मारता येईना. लाज आडवी आली असं मी म्हणत नाही, लाज केव्हाच पळाली होती. पण घशाला सवयच नव्हती. चार वर्षं त्या माणसाच्या दिशेने मी शब्द सोडला नव्हता, आणि आता सोडायला गेले तर तो सुटेना. स्वप्नात ओरडावं आणि आवाज फुटू नये, तसं. मला स्वतःचा असा राग आला की मी कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. तेव्हा आवाज फुटला.

"आबा! आबा, पाणी उनं!"

पाणी आलं म्हणून मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान उजवीकडे वळवली, शेताकडे. मग डावीकडे, रस्त्याकडे. कुठली तरी बाई कुणाला तरी हाक मारतेय. आमच्याकडे गावात चार घरं सोडली की एक आबा असतो. तो आवाज त्यांच्या घरातला आहे हे त्यांना कळायचं कसं? त्यांनी तो कधी ऐकलेला नव्हता.

"जाय," सासूबाईंनी ओठांनी सांगितलं.

त्यांना तिथे सोडून जायचं माझ्या जिवावर आलं. मी गेले आणि पाणी आत शिरलं तर? पाय नसलेली बाई, आवाज नसलेली बाई. पण राहून तरी मी काय करणार होते, एकटीने त्यांना उचलणं शक्य नव्हतं. मी उडी मारली. पाणी मांडीला लागलं. पदर दाराच्या कडीला अडकला आणि डोक्यावरून सरकून गेला, तो सोडवायला मी थांबले नाही, ओढला तसा फाटला. पायाखालची रेती पळत होती. कशी काठाला लागले ते आठवत नाही, काठ चढताना गुडघे फुटले ते नंतर घरी दिसलं. कुंपणाच्या काट्यांतून मी सरळ आरपार गेले.

मागून बांगड्यांचा आवाज येतोय म्हटल्यावर सासरे आणखी पुढे चालायला लागले. मला वाट द्यायला! मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

ते वळले. त्यांच्यासमोर एक डोकं उघडं टाकलेली, कपाळ फुटलेली, चिखलाने माखलेली बाई उभी होती. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोन शेस व तू?"

"आबा, मी शे. तुमनी सून. पाणी उनं. माय मझार शे."

माय आत आहे एवढं ऐकलं आणि ते धावले. साठीचा माणूस, पण मी काठावर पोचले तेव्हा ते पाण्यात कमरेपर्यंत होते.

आत शिरलो तेव्हा पाणी उंबरठा ओलांडून चुलीची राख पसरवत होतं. सासूबाईंनी झोपाळ्यावरूनच हात लांबवून कोनाड्यातला देव उचलून पोटाशी धरला होता. त्यांना उचलून घ्यावं तर गुडघे वळत नव्हते, दारातून बाहेर कसं काढणार? सासरे वर बघून म्हणाले, "झोपाळाच काढूत." झोपाळ्याची फळी लांबरुंद, चांगली डोली झाली असती. पण वर माणसाचं ओझं असताना साखळ्या आकड्यातून निघेनात. मी खाली वाकले, पाण्यात गुडघे टेकले, आणि पाठीने फळी उचलली. सासूबाई काही हलक्या नव्हत्या. माझ्या माथ्यावर साखळ्या खुळखुळल्या, एक सुटली, दुसरी सुटली. चौथी सुटली तेव्हा माझं नाक पाण्याला लागलं होतं, आणि मी मनात म्हणत होते, आता नाही, आता नाही होत.

पुढचं टोक सासऱ्यांनी घेतलं, पाठ माझ्याकडे करून. मागचं मी घेतलं. दारातून उतरलो तशी मोटार हलली. जागची हलली, पाणी प्यालेली चाकं घेऊन. ज्या मोटारीला ड्रायव्हर घरघर करून हलवू शकला नाही, ती पाण्याने सहज वळवली. मला वाटलं ती आमच्या अंगावर येते. मी किंचाळले.

"मांगे शे ना तू?" सासरे पुढून ओरडले. त्यांना मान वळवता येत नव्हती. वळवली असती तर फळी गेली असती.

"शे, आबा."

"बोलत ऱ्हाय. काहीबी बोल. बंद व्हऊ नको."

मग मी बोलत राहिले. काय बोलले ते सांगायला संकोच वाटतो, इतकं वेड्यासारखं. मी शे आबा. मी मांगेच शे. माय बरी शे. मायना हातमा देव शे. पाणी छातीले लागनं. काडी उनी आबा, लाकूड उनं, संभाळा. मी शे. माले भ्यांव वाटी ऱ्हायनं, आबा. माले भलतं भ्यांव वाटी ऱ्हायनं. चार वर्षांचं न बोललेलं मी त्या एका पात्रात बोलले. मध्येच पाय सुटला आणि तोंडात पाणी गेलं, आवाज बंद झाला, तर ते तिथल्या तिथे थांबले. भर ओढीत, पुढचं पाऊल न टाकता. मी खोकून पुन्हा "शे" म्हणेपर्यंत ते हलले नाहीत.

काठावर फळी टेकली आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना पडलो. सासूबाईंनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला. खाली आमचं घर आडवं होऊन निघालं होतं. दार उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. खालच्या वळणावर ते एकदा कशाला तरी अडलं, फुटलं, आणि गेलं. वर ऊन तसंच होतं.

ड्रायव्हर बैल घेऊन आला तेव्हा नदीच्या दोन्ही काठांना पाणी लागलेलं. त्याने पलीकडून आम्हाला पाहिलं, मोटारीची जागा पाहिली, आणि मटकन खाली बसला. पाणी उतरायला संध्याकाळ झाली. माझी थरथर नणंदेच्या घरी गेल्यावरही थांबली नाही. तिने तीन गोधड्या घातल्या, तरी मी आतून हलतच होते.

दोन दिवसांनी खालच्या गावच्या लोकांना एक चाक सापडलं. सासऱ्यांनी ते घरी आणून ओसरीला टेकवून ठेवलं. येईल त्याला आरे हलवून दाखवायचे, म्हणजे हलवायचा प्रयत्न करून दाखवायचे. "देखा, कसं गच्च बसनं!" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच मुळी. लाकूड पाणी प्यालं होतं.

घरी सगळं पूर्वीसारखं झालं. झोपाळा पुन्हा टांगला, सासूबाईंचा आवाज परत आला आणि माझ्या भाकऱ्या पुन्हा वाईट झाल्या. माझा पदर नाकापर्यंत आला. रीत मोडली असं कुणी म्हणालं नाही आणि मलाही ती मोडायची नव्हती. सासऱ्यांनी माझं तोंड पुन्हा पाहिलं नाही. मी आडोशाला थांबून बांगड्या वाजवायचे आणि ते पाठ फिरवायचे.

एकच बदल झाला. पाठ फिरवल्यावर ते म्हणायचे, "बोल."

मी म्हणायचे, "मी शे, आबा."

मग ते मान हलवायचे आणि मी जायचे. पुढची सगळी वर्षं असंच चाललं. शेवटच्या आजारात ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी औषधाची वाटी घेऊन दाराशी थांबायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, बांगड्या वाजलेल्या कळायच्या नाहीत. पण दारातला उजेड कुणी अडवला की त्यांचे ओठ हलायचे. मग मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगायचे की मी आहे, मागेच आहे.